गाडी रद्द नाही

माझं सामान टेम्पोतून उतरत होतं आणि घराच्या ओट्यावरून खणखणीत आवाज आला, “प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. अकोल्याहून आलेल्या पाहुण्यांचा चहा लागलेला आहे. पुन्हा सांगतो. अकोल्याहून आलेल्या पाहुण्यांचा चहा लागलेला आहे.”

मी दचकून पाहिलं. ओट्यावर एक उंच, सडसडीत म्हातारे गृहस्थ हात पाठीशी बांधून उभे होते. चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नाही. मला वाटलं, थट्टा करताहेत. पुढं दोन-चार दिवसांतच कळलं, थट्टा वगैरे काही नाही. काहीही महत्त्वाचं सांगायचं झालं की या माणसाला ते असंच सांगता येतं.

बँकेनं माझी बदली अकोल्याहून अमरावतीला केली होती, आणि मी त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता. गल्ली त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणायची. सगळी हयात त्यांनी एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारण्यात घालवली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी माईक सुटला नव्हता. फक्त हातातून गेला होता, गळ्यात तसाच होता. गॅस सिलिंडर आला की पुकारा. नळ आला की पुकारा. शेजारच्या वहिनींना मुलगा झाला तेव्हा गल्लीला बातमी कळली ती “आगमन झालेले आहे” या शब्दांत.

माईकची मराठी आणि घरची मराठी अशा दोन मराठी त्यांच्या घशात सुखानं नांदायच्या. पुकारताना ‘लागलेली आहे’, ‘सुटण्याच्या बेतात आहे’, ‘नोंद घ्यावी’. एवढी शुद्ध की पुण्याच्या माणसानं मान डोलवावी. पुकारा संपला की लगेच, “काहून वो बाई, आज बँक नाई काय?” मी त्यांना काका म्हणायचे. ते मला ‘बाई’ म्हणायचे किंवा फार खुशीत असले तर ‘बँकवाल्या बाई’.

काकूंना या सगळ्याचं काही वाटत नसे. “लगनाच्या पहिले बी असेच होते,” त्या मला सांगायच्या. “मले पाह्याले आले तवा नोकरी नवीनच लागली होती. माह्या बाबाले म्हने, मुलगी पसंत आहे, पुन्हा सांगतो, मुलगी पसंत आहे. बाबा माह्या मायले म्हने, पोट्टा बहिरा हाय का काय वो?”

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. सुटायचा टाइम सांगतो, पोचायचा सांगत नाई. माझी परत अकोल्याला बदली कधी होईल असं वाटतं, हे मी विचारलं तेव्हा हेच उत्तर. काकूंचा गुडघा कधी बरा होईल, तेव्हाही हेच. डॉक्टरांनी काकांना एकदा औषधं वेळेवर घ्या, दीर्घायुषी व्हाल असं म्हटलं, तर त्यांनाही हेच ऐकवून आले.

आणखी एक गोष्ट ते फार रंगवून सांगायचे. एकदा त्यांच्याकडून फलाट चुकीचा पुकारला गेला आणि धारणीला जाणारी माणसं यवतमाळच्या गाडीत जाऊन बसली. चूक लक्षात आल्यावर त्यांनी माईकवरून दुरुस्ती केली. खिडकीतून पाहतात तर गाडीतला एकही माणूस हलायला तयार नाही. “जो बसला तो आयकत नाई, बाई. त्याले वाटते, आपलं झालं.” मग खिडकी उघडी टाकून ते फलाटावर धावले, गाडीत चढले आणि सीटासीटापाशी जाऊन “बाप्पा, कोठी चालले तुमी?” असं विचारत माणसं खाली उतरवली. साहेबांनी खिडकी सोडली म्हणून झापलं. त्याचा त्यांना काडीचा पश्चात्ताप नव्हता.

या माणसाच्या हातात मुलीनं, म्हणजे अकोल्याला दिलेल्या त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं, स्मार्टफोन दिला. माकडाच्या हाती कोलीत म्हणणार नाही, कारण कोलीत निदान विझतं.

टाइप करणं त्यांना जमत नसे आणि जमवायचंही नव्हतं. पण व्हॉट्सअ‍ॅपमधलं ते माईकचं चिन्ह दिसलं आणि त्यांना जणू गेलेली नोकरी परत मिळाली. नात्यागोत्याचा एक मोठा ग्रुप होता; वलगावचे साळे, तिवस्याचे चुलतभाऊ, परतवाड्याचा पुतण्या, सगळे त्यात. रोज सकाळी त्यावर काकांचा पुकारा. “वलगावच्या मामांचा वाढदिवस लागलेला आहे.” “तिवस्याची पाहुणेमंडळी लग्नासाठी सुटण्याच्या बेतात आहेत.” एक म्हातारी आत्या गेल्या तेव्हा ते म्हणाले, “आत्याबाई आज पहाटे सुटल्या.” त्या बाईंनी अंथरुणावर इतकं सोसलं होतं की कुणालाही त्या शब्दाचं हसू आलं नाही.

ग्रुपवर आलेलं प्रत्येक बोलणं ते स्पीकर मोठा करून ऐकायचे, त्यामुळं वरच्या मजल्यावर मलाही त्यांच्या सासुरवाडीची खडान्‌खडा माहिती झाली होती. काकूंकडे फोनच नव्हता. “कायले पायजे?” त्या म्हणायच्या. “ह्यायचा फोन अख्खी गल्ली वापरून राहिली.”

या घरात काकांची एक दुखरी, लाडाची जागा होती, ती म्हणजे अकोल्याची नात. बारावी करून मेडिकलच्या परीक्षेला बसलेली. सुट्टीत ती अमरावतीला यायची तेव्हा काका तिला स्टँडवर आणायला जायचे, आणि घरी पोचेपर्यंत वाटेतल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला पुकारून सांगायचे की नात आली आहे. ती लहान होती तोवर हसायची. अलीकडं ओढणी तोंडावर घेऊन पाच पावलं मागून चालायची. मी हे पाहिलं होतं. काकांनी पाहिलं नव्हतं, कारण पुकारणारा माणूस पुढं पाहत असतो.

त्या जूनमध्ये निकाल लागला आणि तिचा नंबर लागण्याइतके मार्क पडले नाहीत. तिनं आईला एकच गोष्ट सांगितली, आबांना, म्हणजे काकांना, सांग, पण बाकी कुणाला एवढ्यात सांगू नको. लेकीनं फोन करून तसं सांगितलंही. पण काकांना आतून इतकं भरून आलं की पोरीला धीर द्यायचा, एवढंच त्यांना सुचलं. आणि धीर द्यायची त्यांची रीत एकच. त्यांनी फोन उचलला आणि नात्यागोत्याच्या ग्रुपवर पुकारा केला:

“प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. अकोल्याहून डॉक्टरकीकडे जाणारी गाडी काही कारणास्तव उशिराने धावत आहे. गाडी रद्द नाही. पुन्हा सांगतो. गाडी रद्द नाही. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

मी वर कपडे वाळत घालत होते. मला ते ऐकू आलं आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. इतक्या मायेनं, मी नापास झाल्यावर, मला कुणी समजावलं नव्हतं. ज्याला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे त्याला त्या आवाजातला कंप कळत होता. पण ग्रुपवरच्या लोकांना फक्त विनोद कळला. हसऱ्या तोंडांचा पाऊस पडला. वलगावच्या साळ्यांनी “गाडी रद्द नाही” एवढंच तोडून आपली रिंगटोन करून घेतली. तिवस्याच्या चुलतभावांनी ते आपल्या निवृत्त मित्रांच्या ग्रुपवर ढकललं. आणि परतवाड्याच्या पुतण्याची बायको, जी साड्यांच्या दुकानासाठी रील बनवायची, तिनं काकांच्या आवाजावर एक रील केलं: नवा माल यायचा आहे, गिऱ्हाइकं ताटकळली आहेत, आणि ही पदर सावरत हातानं ‘थांबा’ करते. मागं काकांचा आवाज, गाडी रद्द नाही.

ते रील परतवाड्याहून अकोल्याला पोचायला एसटी लागली नाही. नातीच्या क्लासमधल्या कुणीतरी ते पाहिलं, दुसऱ्या कुणीतरी आवाज ओळखला, आणि पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या बॅचमध्ये ती पहिल्या दिवशी शिरली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “गाडी उशिराने धावत आहे.” सगळा वर्ग हसला. पोरगी दारातूनच परत फिरली.

त्याच दुपारी ती नात्यागोत्याच्या ग्रुपमधून बाहेर पडली. काका फोन घेऊन जिना चढून माझ्याकडे आले.

“बाई, हे पाहा. पोरगी ग्रुप सोडून गेली. येतो म्हनून बी नाई म्हटलं.”

मी फोन पाहिला. त्यांनी तिला वेगळेही पुकारे पाठवले होते, एकामागून एक. प्रत्येकापुढं एकच टिक. तिचा फोटोही गेलेला.

“एकच टिक काहून येऊन राहिली? तिच्याकडं रेंज नाई का?”

“काका, तिनं तुम्हाला ब्लॉक केलंय,” मी म्हटलं. “म्हणजे तुमचं काही तिच्यापर्यंत पोचत नाही.”

ते खुर्चीवर टेकले. “म्हंजे फलाटावर ती उभीच हाय,” म्हणाले. “फक्त माही खिडकी बंद केली.”

दुसऱ्या दिवशी ते सांभारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा घेऊन अकोल्याला गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. डबा रिकामा होता, पण वड्या जावयानं खाल्ल्या होत्या. नातीनं खोलीचं दार उघडलंच नाही. तिथं काय झालं ते काकांनी स्वतःच आम्हाला सांगितलं, आणि सांगताना कधी नव्हे ते आवाज खाली होता. बंद दारासमोर ते उभे राहिले, मनाशी खूप काही जुळवलेलं होतं, आणि तोंडातून निघालं काय? “प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे.” आतून काहीतरी दारावर आपटलं. बहुतेक उशी असावी.

“मले बोलताच येत नाई, बाई,” ते म्हणाले. “आयुष्यभर निस्तं पुकारलं.”

काकू दळण निवडत होत्या. “मले माहीत होतं,” त्या म्हणाल्या, आणि मग ताट बाजूला ठेवून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी मोबाइलचं ज्ञान पाजळलं. म्हटलं, काका, त्या वयाची मुलं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नसतातच, असली तरी आई-बापांसाठी असतात. त्यांचा प्लॅटफॉर्म वेगळा. झालं! प्लॅटफॉर्म हा शब्द त्या माणसासमोर उच्चारायला नको होता. ते ताठ बसले.

“असं पहिले सांगा ना! म्हंजे व्हॉट्सअ‍ॅप एक नंबर फलाट. तिथं आमी बुढे. गाडीच्या पहिले येऊन बसतो, जाईल त्याले रामराम घालतो, गाडी कोनती हाय त्याचं काई घेनंदेनं नाई. दोन नंबरावर फेसबुक. तिथं तुमी बँकवाले. सामान सारं मांडून बसता, नवा सोफा, नवी गाडी, पोराचा सत्कार, येनाऱ्या-जानाऱ्याले दिसलं पायजे. अन् तीन नंबरावर पोट्टेपाट्टे. ते बसतच नाईत. उभ्या उभ्या मुंडकं दाखवलं का पसार. अन् म्या येड्यावानी एक नंबरावरून बोंबलून राहिलो!”

सोफ्याचं मला झोंबलं, कारण मी खरंच नव्या सोफ्याचा फोटो टाकला होता. पण इतकं नेमकं मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही. मी त्यांना इन्स्टाचं खातं काढून दिलं. फोटो कुठला लावू म्हटल्यावर त्यांनी खाकी कपड्यातला, खिडकीतला फोटो काढून दिला. नातीचं खातं कुलूपबंद होतं. तिनं होकार दिल्याशिवाय आत काही दिसणार नव्हतं. आम्ही विनंती पाठवली. तिच्या नावापुढं ‘विनंती पाठवली’ एवढे शब्द उमटले आणि तसेच राहिले. काका येता-जाता ते उघडून पाहायचे. एकदाही त्यांनी तिला तिथून पुकारा पाठवला नाही. मी विचारलं तर म्हणाले, “खिडकीत मान्सानं विचारलं तं सांगाचं. न विचारता सांगतलं, त्याच्यानंच तं हे झालं.”

मग एके सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, डोक्याला उपरणं बांधून निघाले. काकूंनी कुठं म्हणून विचारलं.

“वलगावले. तुह्या भावाच्या फोनातून माहा आवाज काढाले.”

मी त्यांना समजावलं. काका, एका फोनमधून काढून काही होत नाही. ते किती लोकांकडे गेलं असेल, कुणी कुठं पुढं पाठवलं असेल, याला काही अंतच नाही. ते शांतपणे ऐकत होते, आणि मला कळलं की ते माझ्याकडे, यवतमाळच्या गाडीत चुकून बसलेल्या प्रवाशाकडे पाहावं तसं पाहताहेत. “जेवढे उतरतीन तेवढे उतरवतो,” ते म्हणाले.

वलगावच्या साळ्यांना रिंगटोन कशी बदलतात हेच ठाऊक नव्हतं. ती नातवानं लावून दिली होती. तो शेतावरून येईपर्यंत काका तिथं बसले. तेवढ्यात फोन वाजला की घरभर काकांचाच आवाज, गाडी रद्द नाही, गाडी रद्द नाही, आणि काका समोर मान खाली घालून बसलेले. तिवस्याच्या चुलतभावांनी तर मोठ्या अभिमानानं सांगितलं की आमच्या मित्रांना फार आवडलं. काका म्हणाले, “त्या मित्रायचे पत्ते दे.” भावाला वाटलं कौतुकानं मागतात. काका खरंच त्यातल्या दोघांच्या घरी गेले.

परतवाड्याला मात्र काकूंनी मला सोबत धाडलं. “उन्हाचा पारा पाहा, अन् हा बुढा पाहा. जा वो बाई संगं.” रविवार होता. मी नेहमीसारखी घरी अकोल्याला न जाता त्यांच्याबरोबर गेले.

पुतण्याचं दुकान बाजारातच होतं. त्याची बायको चटपटीत, तिशीची, हसतमुख. मोबाइल उभा करायचा तिपाईचा स्टँड काउंटरशेजारी ठेवलेला. काकांना पाहून तिनं पदर डोक्यावर घेतला, पाया पडली, आणि तोंडभरून म्हणाली, “काकाजी, तुमचं रील आपल्या दुकानाचं सगळ्यात जास्त चाललेलं रील आहे. लोकं दारात येऊन विचारतात, तो आवाज कोनाचा?”

काकांनी चहा घेतला. कप खाली ठेवला.

“मी माहा आवाज वापस न्याले आलो, बाई,” ते म्हणाले.

तिला कळेना. मला राहवलं नाही, मी सांगितलं. नातीचा निकाल, क्लास, मागचा बाक. ती ऐकत गेली तसं तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं. नात तिला इन्स्टावर फॉलो करत होती, पण एवढं झालंय याचा तिला पत्ता नव्हता. “मला वाटलं काकाजींनी एसटीवर विनोद केला,” ती म्हणाली. पुतण्या काउंटरमागून पुढं आला आणि म्हणाला, “काका, त्याच्यावर सीझनचं गिऱ्हाईक येऊन राहिलं. आता काढलं तं...” काका त्याच्याकडे पाहतच नव्हते. ते सुनेच्या हातातल्या फोनकडे पाहत होते.

तिनं नवऱ्याला विचारलं नाही. अंगठा दाबला आणि फोन काकांपुढं धरला. “पाहा काकाजी. काढलं.”

काकांनी दोन्ही हात जोडले. सुनेला हात जोडणारा सासरा मी तिथंच पहिल्यांदा पाहिला. ती इतकी गोरीमोरी झाली की एक नवी साडी उचलून उगाच घडी घालू लागली. आम्ही निघताना तिनं विचारलं, काकाजी, तुमचा एक फोटो काढू? त्यांनी मान डोलावली. तिनं चहाचा कप हातात देऊन फोटो काढला आणि त्याच दिवशी आपल्या स्टोरीवर लावला. खाली लिहिलं: ‘ते रील काढलं. आमचे काकाजी भर उन्हात अमरावतीहून आले आणि काढायला लावलं. ज्यांनी पुढं पाठवलं असेल त्यांनी कृपया पाठवू नका.’ चोवीस तास टिकणारी गोष्ट ती. म्हातारी माणसं तिकडं पाहत नाहीत, मधली माणसं बोट सरकवून पुढं जातात. तीन नंबरच्या फलाटावर ती कुणाला दिसली, हे परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या काकांना कळायचं कारणच नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी मी बँकेतून येऊन खालीच काकूंशी बोलत उभी होते. काका ओट्यावर फोन घेऊन बसले होते. एकदम उठले. मी पाहिलं, इन्स्टा उघडलेलं होतं. विनंती मान्य झाली होती आणि खाली तिचा एक आवाजी निरोप आलेला होता. मला वाटलं, आता स्पीकर लागणार आणि अख्ख्या गल्लीला कळणार. काकूंनाही तेच वाटलं असावं, कारण त्या पदरानं हात पुसत पुढं आल्या. काकांनी फोन कानाला लावला, आत गेले आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

ते बाहेर आले तेव्हा जेवणं झाली होती. डोळे लाल होते. काकूंनी विचारलं, “काय म्हने पोरगी?” ते म्हणाले, “काई नाई. वाढ.” लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काकूंनी त्यांना पहिल्यांदाच काही लपवताना पाहिलं. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्यांनी ताट वाढलं आणि भाकरीवर तूप जरा जास्तच घातलं.

पुढच्या वर्षी माझी बदली अकोल्याला झाली. काकांनी मला स्टँडवर पोचवलं, खिडकीतला आजचा कंट्रोलर त्यांच्या हाताखालचा होता, त्याच्याकडून त्यांनी माझी गाडी पुकारून घेतली. नात्यागोत्याच्या ग्रुपवर त्यांचे पुकारे अजून चालूच आहेत, असं काकू काकांच्या फोनवरून सांगतात. पण आता ते आधी विचारतात म्हणे. ज्याची बातमी त्याला फोन करायचा, सांगू का म्हणून विचारायचं, मग पुकारायचं. बऱ्याच बातम्या त्यामुळं राहूनच जातात.

गेल्या महिन्यात नात माझ्या काउंटरवर आली. आता ती इथंच फार्मसीला आहे. परीक्षा दुसऱ्यांदाही मनासारखी गेली नाही, पण हे तिनं मला स्वतः सांगितलं, हसत सांगितलं. कॉलेजसाठी खातं उघडायचं होतं. तिनं मला ओळखलं. “तुम्ही आबांकडे वर राहायच्या ना, मावशी?” काम झाल्यावर ती रेंगाळली, आणि मी इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलंच. त्या संध्याकाळी तू काय सांगितलं होतंस गं त्यांना?

“काहीच नाही,” ती म्हणाली. “बोलायले गेले आन् रडूच आलं. बंद करेपर्यंत पाठवलं गेलं. मले वाटलं, आता आबा हे सगळ्यायले ऐकवतीन.”

“मग? त्यांनी काय उत्तर दिलं?”

तिनं फोनमध्ये खाली खाली जाऊन ते शोधलं आणि माझ्या कानाला लावलं. मी माईकचा आवाज ऐकायला तयार होते. आधी कुलरची घरघर ऐकू आली. खुर्ची सरकली. लांबून काकूंची हाक, “जेवाले येता काय जी?” त्यांनी ओ दिली नाही. श्वास ऐकू येत होता, मधे एकदा नाक ओढलेलं. एक शब्द नाही. नुसते बसले होते ते, पोरीजवळ, जेवढा वेळ ती रडली होती जवळपास तेवढाच वेळ. तिच्या मागं माझ्या काउंटरवर रांग वाढत होती आणि मला फोन कानाचा काढवत नव्हता.

“मला पाठव ना गं हे,” मी सवयीनं बोलून गेले.

तिनं फोन माझ्या हातून घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

“नाही मावशी,” ती म्हणाली. “हे आबांनी फक्त मले पाठवलं.”